प्रार्थनेचा विषय

१८ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून लेंट, म्हणजे आमचा उपवासकाळ. ईस्टरपर्यंत काहीतरी सोडायचं असतं. मागच्या वर्षी मी मटण सोडलं होतं. त्या काळात माझं वजन वाढलं. चिकनमुळे असावं.

संध्याकाळच्या उपासनेत बाबासो पाळकांनी जिभेवर उपदेश केला. पाळक कोल्हापूरकडचे. वय लहान, आवाज मोठा. म्हणाले, माणसाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलू नका. एकच बाजू ऐकून निवाडा करू नका. स्वतःला दुसऱ्यापेक्षा शहाणं समजू नका. बायबलमध्ये हे ठिकठिकाणी आहे, तरी आपल्याला ते दरवर्षी सांगावं लागतं.

ऐकताना आमच्या चर्चच्या मंडळीतले बरेच चेहरे डोळ्यांसमोर आले. तिसऱ्या बाकावरच्या बायका तर अगदी निर्विकार बसल्या होत्या. मी मुद्दाम मागे वळून पाहिलं.

निर्णय : यंदा चहाडी सोडणार. तशी मला सवय नाही, पण काहीतरी सोडायला पाहिजे.

बायकोला, नमिताला, सांगितलं. ती म्हणाली, "त्यापेक्षा मटण सोडा. ते जमेल."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस उत्तम गेले. नमिता माहेरी गेली होती, त्यामुळे घरी कोणी नव्हतं.

मंडळीच्या पंच कमिटीत एक जागा रिकामी झाली आहे. ईस्टरनंतर निवड. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे आणि भांडणतंटे मिटवणारे वडीलधारे. सगळे म्हणतात, सिताराम होणार. सिताराम उपासनेत पेटी चांगली वाजवतो, हे मान्य. पण पेटी वाजवणं वेगळं आणि न्याय करणं वेगळं.

माझं नाव शलमोन, बायबलमधल्या न्यायी राजाचं. बापाने उगाच ठेवलं नाही. द्रोणागिरीला गोदामात कागदपत्रांचा सुपरवायझर होतो, तेव्हा कंटेनरचं सील न तोडता आत काय आहे ते मी सांगायचो. बहुतेक वेळा बरोबर यायचं. माणसांचंही तसंच.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी

पाव आणायला गेलो होतो. बेकरीच्या समोर दिपेशचं परमिट रूम आहे. दार उघडलं आणि आत सिताराम बसलेला दिसला. एकटा. पुढ्यात ग्लास.

पाव घेऊन झाला होता. तरी थांबलो. रस्ता क्रॉस करायला गाड्या फार होत्या. दार आणखी तीनचारदा उघडलं. सिताराम तिथेच.

मी कोणाला सांगणार नाही. व्रत म्हणजे व्रत.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कोणालाही सांगितलेलं नाही. जेवण जात नाही. नमिता म्हणते, डॉक्टरला दाखवा.

दुपारी एकदम उजेड पडला. चहाडी वाईट, पण प्रार्थना चांगली. आपला बांधव मोहात पडलेला दिसत असताना गप्प बसणं हेच पाप नाही का? मंडळीचा 'प्रार्थना साखळी' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर लिहिलं :

'प्रार्थनेचा विषय. आपल्यातले एक बांधव संध्याकाळच्या वेळी मोहाला बळी पडत आहेत. नाव देत नाही. देवाने त्यांना संगीताची देणगी दिली आहे. त्यांच्या कुटुंबालाही आठवा.'

भरपूर हात जोडलेले आले. जेवण गेलं.

नमिताने फोन बघून विचारलं, "आपल्याकडे पेटी किती जण वाजवतात?"

मी म्हणालो, मी पेटी हा शब्दच वापरलेला नाही.

१ मार्च, रविवार

उपासनेनंतर चहाच्या वेळी सगळे माझ्याभोवती. मी एक अक्षर बोललो नाही. कोणी 'सिताराम का?' असं विचारलं की फक्त डोळे मिटून घ्यायचो. डोळे मिटणं म्हणजे बोलणं नव्हे.

सितारामजवळ कोणी उभं नव्हतं. तो खांबाला टेकून एकटाच चहा पीत होता. मला राहवलं नाही. जाऊन त्याचा हात हातात घेतला.

"काय झालं, शलमोनभाऊ?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "देव सगळं बघतो."

तो म्हणाला, "बरं."

किती निबर झालाय माणूस.

४ मार्च, बुधवार. सकाळी

फिरायला माझ्याबरोबर भगवानराव असतात. आमच्याच बिल्डिंगमधले, महापालिकेतून रिटायर झालेले. ते बौद्ध, आमच्या मंडळीशी त्यांचा संबंध नाही, म्हणून त्यांना सांगणं यात चहाडी येत नाही. सगळं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही त्या माणसाला विचारलं का?"

मी समजावलं की तोंडावर विचारलं तर त्याला वाईट वाटलं असतं. मग पुढची फेरी त्यांनी एकट्याने, भरभर मारली. त्यांचं शुगरचं असेल.

८ मार्च, रविवार

आता म्हणतात, सिताराम सकाळीही घेतो. हे मी सांगितलेलं नाही. लोक फार वाढवून सांगतात, वाईट वाटतं. पण आज पेटीवर त्याची बोटं एका जागी अडखळली खरी. मी नीट ऐकत होतो.

पंच कमिटी त्याला बोलावून विचारणार, असं ऐकलं. माझ्या मते घाई होते आहे. पुरावा पाहिजे. असा विचार कमिटीत कोणी करत नाही, म्हणून तर नवीन पंच पाहिजे.

११ मार्च, बुधवार

पुरावा गोळा करायला स्वतः परमिट रूममध्ये गेलो. आयुष्यात पहिल्यांदा (या परमिट रूममध्ये). सिताराम अजून आला नव्हता. गल्ल्यावर मालक दिपेश. इथल्या जुन्या गावचा. आमची सोसायटी त्याच्या आजोबांच्या शेतावर उभी आहे, हे तो ओळख झाल्याझाल्या सांगतो.

मी सहज म्हणून विचारलं, तो पेटीवाला गृहस्थ रोज किती घेतो?

दिपेश म्हणाला, "कोन, सिताराम भाऊ? तो लिंबू-सोडा पितं. दुसरा काय नाय."

मी म्हणालो, मग इथे कशाला बसतो?

"त्याचा पोऱ्या, प्रितम, तो तिकरं बसतं कोपऱ्यान. बाप हिकरं बसतं. बोलत नाय दोघं. पोऱ्याचा झाला का बाप त्याला स्कूटरवर मागं बसवतं नि घरा नेतं. आधी पोऱ्या बंद होईतोवर बसायचा. आता बाप बघतं म्हनून लवकर उठतं." मग काउंटर पुसत म्हणाला, "माझा धंदा कमी होतं, पन मी काय बोलत नाय. असा बाप कोनाला हाय?"

मी लिंबू-सोडा प्यायलो आणि निघालो.

दारातून बाहेर पडलो तर समोर केतन. मंडळीच्या तरुण संघाचा सेक्रेटरी. बाइकवर सिग्नलला थांबलेला. म्हणाला, "सलाम काका." मी म्हणालो, बाथरूमला गेलो होतो. तो म्हणाला, "हो काका."

१२ मार्च, गुरुवार

मोठा पेच. खरं काय ते मला कळलं आहे. सांगायचं म्हटलं तर पुन्हा सितारामबद्दल बोलावं लागणार. वर त्याच्या मुलाबद्दल. आणि मी तर लेंटमध्ये लोकांबद्दल बोलणं सोडलं आहे.

सगळ्या बाजूंनी विचार केला. व्रत मोडणं योग्य नाही. सत्य आपोआप बाहेर येतं. शिवाय निवड जवळ आली आहे. मी आता तोंड उघडलं तर लोक म्हणतील, यात याचा काहीतरी हेतू आहे.

मन शांत आहे. झोप लागली नाही, पण ते डासांमुळे.

१५ मार्च, रविवार

उपासनेनंतर कमिटीने सितारामला पुढच्या बाकावर बसवून विचारलं. मीही थांबलो होतो, खुर्च्या लावायला.

तो म्हणाला, "मी पीत नाही."

मग तिथे कशाला जाता, असं त्यांनी विचारलं. पाळकांनी दोनदा विचारलं, हळू आवाजात. तो पायांकडे बघत राहिला. शेवटी ठरलं की सगळं स्पष्ट होईपर्यंत त्याने पेटीवर बसू नये आणि तिकडे जाऊही नये. तो म्हणाला, "ठीक आहे." पेटीला कापड घातलं, कडा नीट खोचल्या आणि गेला.

मी उठणारच होतो. गुडघा धरला.

१८ मार्च, बुधवार

ग्रुपवर नवीन विषय आला. केतनच्या आईने टाकलेला. 'कामोठ्यातल्या एका ज्येष्ठ बांधवासाठी प्रार्थना करा. बाहेरून फार धार्मिक, पण पाय घसरला आहे. पत्नी मुकाट्याने सोसते आहे.'

वाचून गलबलून आलं. कोणाच्या घरात काय चाललेलं असतं, कळत नाही. संध्याकाळी केतनकडे घरगुती प्रार्थना होती. तिथे मी या बांधवासाठी मोठ्याने प्रार्थना केली. त्याचा अहंकार मोडून टाक, म्हणालो. त्याला आरशात त्याचं तोंड दाखव, म्हणालो. माझा आवाज भरून आला. मध्येच डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते. दोन बायकांनी डोळे पुसले. निघताना केतनच्या आईने नमिताच्या हातात शिऱ्याचा डबा दिला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. उद्या पाडवा आहे म्हणून असेल.

खाली रिक्षा शोधताना नमिता म्हणाली, "अहो, ती प्रार्थना तुमच्यासाठी होती."

मला आधी समजलंच नाही. मग केतन आठवला. सिग्नल आठवला.

१८ मार्च. पुढे

संताप होतो आहे. मी, दारुडा! एकानेही येऊन मला विचारलं नाही. आठवडाभर माणसं पाठीमागे बोलत होती आणि समोर मला सलाम करत होती. एक बाजू बघायची आणि निकाल द्यायचा, ही कुठली रीत?

हे सगळं नमिताला ऐकवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "विचारायला हवं होतं त्यांनी. पण तुम्ही तिथे गेला होतात कशाला?"

मग तिला सांगावं लागलं. दिपेश काय म्हणाला तेही. तिचा हात परातीत थांबला.

"तुम्हाला हे रविवारच्या आधीच माहीत होतं?"

मी माझ्या व्रताची अडचण समजावून सांगितली. ती शेवटपर्यंत ऐकून घेते, हा तिचा गुण आहे. मग म्हणाली, "पाळकांकडे जा."

रविवारी नक्की.

२२ मार्च, रविवार

पाळकांना सर्दी झाली होती. अशा वेळी त्रास देणं बरोबर दिसत नाही. केतनने मोबाइलवर गाण्यांच्या चाली लावल्या. दुसऱ्या कडव्याला जाहिरात आली.

सिताराम आला नाही.

२५ मार्च, बुधवार

काल संध्याकाळी प्रितम परमिट रूममधून एकटाच निघाला. स्कूटर स्वतः चालवत. कळंबोलीच्या पुलाखाली तोल गेला. मांडीचं हाड मोडलं. पनवेलला हॉस्पिटलमध्ये आहे. डोक्याला मार नाही, नशीब.

बाप त्याला आणायला गेला नव्हता. तिकडे जायचं नाही, असं त्याने मंडळीला कबूल केलं होतं.

नमिताने डबा भरला आणि एकटी गेली. मला 'येता का' असं विचारलं नाही. माझं बीपी वाढलं असावं. मोजलं. नॉर्मल आलं. मशीन जुनं आहे.

२६ मार्च, गुरुवार

काही नाही.

२८ मार्च, शनिवार

सकाळी पाळकांकडे गेलो. ते बनियनवर, दारात बूट पॉलिश करत होते. सगळं सांगितलं. सुरुवातीला थोडी पार्श्वभूमी दिली, मानवी स्वभाव वगैरे. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि वाट बघत बसले. मग बाकीचंही सांगितलं.

ते म्हणाले, "चूक माझीबी हाय, काका. मी त्यास्नी चारचौघांत बसवून विचारलं. घरी जायला पायजे होतं." मग म्हणाले, "आता काय करायचं म्हणता?"

मी सुचवलं, ग्रुपवर प्रार्थनेचा विषय टाकू. अफवा पसरवणाऱ्या एका बांधवासाठी. नाव न देता.

"नको. उद्या उभं ऱ्हावा आणि नाव घेऊन सांगा. सोताचं." बुटाची नाडी ओढत म्हणाले, "आणि आधी सिताराम भाऊंना भेटून या. काय सांगायचं, काय न्हाई, ते त्यास्नी विचारा."

दुपारी पनवेल. प्रितम झोपला होता, पाय वर टांगलेला. सिताराम स्टुलावर बसून मोसंबी सोलत होता. मी प्रवासात चांगलं भाषण तयार केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"ग्रुपवर मी लिहिलं होतं," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"नंतर मला खरं कळलं. दिपेशने सांगितलं."

तो सोलायचा थांबला. "कधी?"

"कमिटीने तुम्हाला बोलावलं, त्याच्या आधी."

तो पुन्हा सोलायला लागला. खाली रस्त्यावर कोणीतरी रिव्हर्स घेत होतं, त्याचं पीं-पीं चाललं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

शेवटी म्हणाला, "माझ्याबद्दल जे सांगायचं ते सांगा. पोराचं नाव घेऊ नका. त्याला उद्या त्याच लोकांत यायचंय."

मग मोसंबीचे दोन भाग केले आणि एक माझ्या हातावर ठेवला. मी तो तसाच धरून खाली आलो. शर्टाला डाग पडला.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

सगळ्यांच्या हातात झावळ्या. मी उभा राहिलो. अफवा हा सामाजिक प्रश्न आहे, इथून सुरुवात केली. पाळक खोकले. सर्दी गेली होती त्यांची.

मग म्हणालो : सिताराम पीत नाहीत. कधीच पीत नव्हते. ते तिथे कोणाची तरी काळजी घ्यायला बसायचे. कोणाची, ते मी सांगणार नाही. अफवा मी उठवली. खरं कळल्यावर गप्पही मीच बसलो, कारण मला पंच व्हायचं होतं.

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं. निघून गेलं.

वाटलं होतं, कोणीतरी रडेल. कोणी हललंही नाही. मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्हीपण पीत नाही?" मी नाही म्हणालो. त्या जरा नाराज दिसल्या.

चहाला माझ्या शेजारी कोणी आलं नाही. खांब तसा सोयीचा आहे टेकायला.

५ एप्रिल, ईस्टर

सिताराम पेटीवर बसला. बोटं एकदाही अडखळली नाहीत. मागच्या वेळी अडखळली होती ती एक पट्टी खराब होती म्हणून, असं केतन म्हणाला. दुरुस्त करून घेतली.

मी नम्रपणे जाहीर केलं की पंचाच्या निवडीतून मी माघार घेतो. पाळकांनी कमिटीच्या सेक्रेटरीकडे बघितलं. सेक्रेटरी म्हणाले, तुमचं नाव कोणी सुचवलेलं नव्हतं.

१५ एप्रिल, बुधवार

प्रितम घरी आला आहे. प्लास्टर अजून बराच काळ राहणार. सिताराम कामावर जातो, त्याच्या बायकोची शाळेत नोकरी. दुपारी मुलाजवळ कोणी नसतं. पाळकांचा फोन आला. म्हणाले, "रणपिसे काका, तुम्ही रिकामेच असताय. जाऊन बसत जावा." शिक्षा आहे का, असं विचारलं. ते म्हणाले, "न्हाई. पोराला पाणी द्यायला माणूस पायजे."

गेलो. सितारामने दार उघडून ठेवलं होतं, चपला घालून निघायच्या तयारीत. पाणी कुठे, गोळ्या कुठे, तेवढं सांगितलं आणि गेला.

मुलगा भिंतीकडे तोंड करून. मी खुर्चीत. पंखा. मला वाटलं, उपदेशाचे दोन शब्द बोलावेत. नेमका तेव्हाच त्याने पाणी मागितलं. दिलं. मग त्याने उशी सरकवायला सांगितली. सरकवली. असा बराच वेळ गेला.

मग तो आपणहून बोलायला लागला. भिंतीकडेच बघत. हे सगळं कधीपासून आणि कशामुळे सुरू झालं, ते. ज्या दिवशी ते घडलं तो दिवस त्याने सगळा सांगितला. उपदेशाचे दोन शब्द राहूनच गेले. त्याच्या बापालाही हे माहीत नाही. शेवटी त्याने माझ्याकडे तोंड वळवलं आणि म्हणाला, "काका, कोणाला सांगणार नाही ना?"

सगळ्या कामोठ्यातून याने माणूस निवडला तो मी. माझ्याबद्दल त्याला कोणी काही सांगितलं नसेल का? सांगितलं असणार. तरी विचारलं.

मी म्हणालो, नाही.

घरी आलो. नमिताने विचारलं, "काय म्हणाला प्रितम?"

मी म्हणालो, पाणी मागितलं.

१५ एप्रिल. पुढे

पुन्हा जेवण जात नाही. इतकी मोठी गोष्ट मी आत ठेवली आहे आणि कोणाला पत्ताही नाही. निदान पाळकांना कळवावं की प्रितमने माझ्यावर किती विश्वास टाकला आणि मी तो कसा राखतो आहे. फोन हातात घेतला. नंबर लावला. मग लक्षात आलं, ते पहिला प्रश्न काय विचारतील.

फोन ठेवला. ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहायला बसलो. 'प्रितम म्हणाला की' एवढं लिहिलं आणि खोडलं.

नमिताने ओव्याचं पाणी दिलं. ॲसिडिटी आहे असं सांगितलं तिला. उद्या दुपारी पुन्हा जायचं आहे.